मधली जागा ऑफिसची

सोमवार, ३

ही डायरी गेल्या वर्षीची आहे. ऑफिसच्या कचऱ्यात कोरी करकरीत पडली होती, उचलली. छापलेले वार जुळत नाहीत, म्हणून ते खोडून माझे लिहिते. नाहीतरी माझं कुठलं काम छापल्यासारखं होतं?

लिहायला बसले कारण आज थोडक्यात वाचले. शनिवारी लाँड्रीच्या बोर्डावर मी एक नोटीस लावली होती. झेरॉक्सवाल्याकडून टाइप करून, इंग्रजीत, खाली गिचमिड सही. ‘ड्यू टू अनअव्हॉइडेबल सरकमस्टन्सेस’, म्हणजे टाळता न येणाऱ्या कारणामुळे, सोमवारपासून चहा मिळेल पण कप मिळणार नाहीत, ज्याने त्याने घरून भांडं आणावं. बस, एवढंच.

आज सकाळी साठ माणसं पेले, वाट्या, गडू घेऊन रांगेत उभी. बॉयलरवाल्याने तांब्या आणला. कुणीतरी म्हटलं, अरे एवढा? तर म्हणतो, नोटिशीत माप कुठे दिलंय?

हसून हसून पोट दुखायला लागलं आणि तिथेच पकडली गेले. अख्ख्या रांगेत हसणारी मी एकटीच होते ना.

साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. नोटीस समोर.

“हे वाक्य तुला कुणी शिकवलं?”

“तुमच्याच बोर्डाने,” म्हटलं. “पाणी बंद, पंखा बंद, पगार उशिरा, सगळं याच वाक्याने सुरू होतं. पुढचं कुणी वाचतच नाही साहेब. एवढं दिसलं की लोक मान खाली घालून निघून जातात.”

आता नोकरी गेली, असं धरून चालले होते. तर साहेब हसले. म्हणाले, उद्यापासून दुपारचे दोन तास ऑफिसात बस, पट्टीकाकांच्या हाताखाली.

नववीत दोनदा गचकलेली मी, आणि ऑफिसात!

मावशीला रोलरवरच सांगितलं. रोलर म्हणजे चादरींची इस्त्री. ओली चादर दोघींनी दोन कोपरे धरून गरम रोलरखाली भरायची, पलीकडे दोघीजणी घडी घालतात. मावशी डावा कोपरा, मी उजवा. आई गेल्यापासून मावशीनेच मला वाढवलं, इथे चिकटवलंही तिनेच.

“हसला?” मावशी म्हणाली. “तो माणूस हसत नाही, समोरच्याचे दात मोजतो. सांभाळ.”

“सांभाळते गं.”

“चादर सांभाळ म्हणतेय. कोपरा सुटला तुझा.”

बुधवार, ५

पट्टीकाका म्हणजे आमचे हेडक्लार्क. कागदावर नाव लिहायचं असलं तरी खाली पट्टीने रेघ मारतात, म्हणून पट्टीकाका. मला त्यांनी रजेच्या अर्जांचं काम दिलं.

आमच्याकडे रजेचा अर्ज तीन तुकड्यांत होतो. वर कारण, खाली सही, आणि मधे पाच-सहा बोटं कोरी जागा. कुठल्या तारखेपासून किती दिवस, हे पाळ्यांचा तक्ता बघून ऑफिस नंतर टाइप करतं. मधली जागा ऑफिसची, हे इथे झाडूवालीलाही पाठ आहे. तीस वर्षं असंच चालू आहे म्हणे.

मी पहिल्याच अर्जात ते माझं लाडकं वाक्य ठोकून दिलं. काकांनी कागद परत सरकवला.

“हिचं काय अडलंय?”

“सिनेमाला जायचंय. मला खरं सांगितलंय तिने.”

“मग ‘काम आहे’ असं लिही. हे वाक्य लिहिण्याआधी एक प्रश्न विचारायचा. हे टाळता आलं असतं का? आलं असतं, तर हे लिहायचं नाही. दुसरं काय वाटेल ते लिही.”

“आणि पगार उशिरा झाला, त्या नोटिशीत होतं ते?”

काकांनी चष्मा काढून पुसला, परत घातला, परत काढला. “ती मीच टाइप केली होती,” म्हणाले.

पुढचा अर्ज लांबूताईचा. ती पलीकडे घडीवर असते, उंचीला शिडी लागत नाही. बहिणीचं लग्न. मी विचारलं, काका, लग्न टाळता येतं का हो? म्हणाले, तिच्या बहिणीला येत असेल, लांबूताईला येत नाही. लिही.

शनिवार, ८

नवीन मशीन येणार! चादर आपली आपण आत घेतं, दाबतं, घडी घालून बाहेर ठेवतं. साहेबांनी सगळ्यांना चित्र दाखवलं. घडीवरच्या जुळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्या सख्ख्या बहिणी पण नाहीत, पण वाक्य एकीने सुरू केलं की दुसरी संपवते, म्हणून जुळ्या.

“मग आम्ही काय—” एक.

“—करायचं?” दुसरी.

“बटण दाबायचं,” साहेब म्हणाले.

“चौदा जणींनी?” बॉयलरवाला मागून ओरडला. सगळे हसले. मी तर सगळ्यांत मोठ्याने.

मावशी नाही हसली. घरी आल्यावर मनगटाला फडकं घट्ट बांधून बसली होती. तिचं उजवं मनगट सुजलं आहे, सांगत नाही.

सोमवार, १०

पट्टीकाका आजारी. साहेब म्हणाले, बरेच दिवस येणार नाहीत. त्यांच्या खुर्चीत मी! चाकं आहेत तिला. दोनदा गोल फिरले, तिसऱ्यांदा कपाटावर आपटले.

खणात काकांची पट्टी तशीच आहे. डबा विसरतील पण पट्टी विसरणार नाहीत असा माणूस. ताप फार असेल.

मंगळवार, ११

मशीन बसवायला आमचा रोलर आठ दिवस बंद राहणार. तेवढे दिवस मला सोडून चौदाही जणींना भरपगारी रजा! फक्त प्रत्येकीचा अर्ज हवा. साहेब म्हणाले, “तूच लिही. तुझ्यावर बायकांचा विश्वास आहे. नेहमीसारखं वर आपलं वाक्य, खाली सही, मधली जागा सोड. चौदाच्या चौदा आण, मग ही खुर्ची तुझी.”

“कायमची?”

“कायमची.”

लिहिताना काकांचा प्रश्न विचारून बघितला हां. मशीन आम्ही मागवलंय का? नाही. आम्हाला टाळता येणार आहे का? नाही. म्हणजे वाक्य एकदम बरोबर जागी. काका असते तर मान डोलावली असती. चौदा वेळा लिहिलं, स्पेलिंगची एक चूक नाही. बोर्डावरून उतरवलं, चूक होईल कशी?

बुधवार, १२

बाजारात पट्टीकाका दिसले. दोन्ही हातांत भाजीच्या पिशव्या, ठणठणीत.

“बरं वाटतंय का काका?”

“मला काय झालं होतं?”

“साहेब म्हणाले, आजारी.”

“असं होय,” काका म्हणाले. “एक काम सांगितलं होतं, मला जमलं नाही. वय झालं.” मग मी अर्जांचं सांगितलं, जरा फुशारकीच मारली. त्यांनी पिशव्या खाली ठेवल्या. “मधली जागा कोण भरणार?”

“साहेब स्वतः.”

“मावशीने सही केली?”

“अजून नाही. पण करेल.”

“नको करू दे,” म्हणाले, आणि इकडेतिकडे बघून पिशव्या उचलून चालायला लागले. म्हातारी माणसं अशी का तुटक बोलतात? आणि खुर्ची गेल्यावर जळफळाट होतच असेल. माझाही झाला असता.

गुरुवार, १३

तेरा सह्या झाल्या. प्रत्येकीला काहीतरी थाप मारून हसवलं. लांबूताईला म्हटलं, आठ दिवस आडवी हो, तेवढीच उंची कमी होईल. तिने सही करता करता माझ्या टाळक्यात पेन मारला. “फटाकडी, वर काय लिहिलंयस?” “तुझ्या लग्नाचं ठरवलंय.” “मग नवरा उंच बघ.” कुणी वाचलं नाही. इंग्रजी वाचता येतंय कुणाला?

मावशी मात्र अडून बसली.

“मला नको रजा.”

“अगं भरपगारी आहे. फुकट!”

“फुकटची वस्तू आधी उलटून बघावी. एकोणीस वर्षांत चार रजा घेतल्यात मी. त्यातल्या दोन तुझ्या. एकदा तू जिन्यावरून पडलीस, एकदा शाळेने बोलावलं.”

“शाळेने कशाला बोलावलं होतं?”

“जशी काही तुला आठवतच नाही.”

आठवतं की. प्रगतिपुस्तकावर तिची सही मी केली होती. चार वर्षं करत होते, पाचव्या वर्षी पकडली गेले. बाई म्हणाल्या, खरी कुठली ते मलाही ओळखता येत नाही. मावशी रस्ताभर बोलली नाही, आणि घरी येऊन हसत सुटली.

शुक्रवार, १४

केली.

अर्धं मिनिट लागलं. शेवटच्या अक्षराला ती उंदराची शेपटी काढते, तीसुद्धा हुबेहूब. हात विसरला नव्हता.

तिच्या भल्यासाठीच केली. मनगटाला आठ दिवस आराम. मागून घेणारी बाई नाही ती, तिला असंच द्यावं लागतं. नंतर सांगेन, मग हसेल, मागच्यासारखी.

इथे कोण वाचतंय, म्हणून खरं लिहिते. खुर्चीचंही मनात होतं. तेरावर अडलं असतं तर साहेब काय म्हणाले असते?

साहेबांनी दोनदा मोजले. चौदा. तोंडभर हसले.

सोमवार, १७

सुट्टीचा पहिला दिवस. मी ऑफिसात अर्धा दिवस जाऊन आले. मावशीला बसवत नाही. घरातल्या सगळ्या चादरी धुतल्या, मग मला म्हणते, धर कोपरा. आम्ही दोघींनी गच्चीवर सहा चादरींच्या घड्या घातल्या.

“मी अर्ज दिला नाही, मग मला रजा कशी?”

“रोलरच बंद आहे तर तू काय हवेत इस्त्री करणार?”

दुपारी ती झोपली. दिवसा झोपलेली मी तिला कधी पाहिलीच नव्हती. तोंड थोडं उघडं, हात पोटावर. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली.

मंगळवार, २५

नीट लिहिता येत नाहीये.

सकाळी चौदाही जणी गेटवर आल्या. वॉचमनकडे यादी होती. आत सोडलं नाही. प्रत्येकीच्या हातात तिच्या अर्जाची झेरॉक्स ठेवली. वर माझं अक्षर, खाली त्यांची सही. मधल्या जागेत टाइप केलेलं: मी आजपासून माझ्या मर्जीने नोकरी सोडत आहे, माझी काही तक्रार नाही, काही मागणं नाही. वॉचमनने वाचून अर्थ सांगितला. काढून टाकलं असतं तर काहीतरी द्यावं लागलं असतं. आपण होऊन सोडणाऱ्याला काही नाही.

“फटाकडी,” लांबूताई म्हणाली, “काय लिहिलंस तू हे?”

“वरचं एवढंच माझं. मधलं ऑफिसचं.”

“पण वाचलं तर एकच दिसतंय की.”

जुळ्यांतली एक रडत होती, दुसरी नाही. दुसरी नुसती माझ्याकडे बघत होती.

मावशीने कागद घेतला. तिला इंग्रजी येत नाही, पण सही बघितली. शेपटीवरून बोट फिरवलं. मग कागदाची घडी घातली, कोपऱ्याला कोपरा, चादरीची घालतात तशी, आणि ब्लाउजमध्ये ठेवली. माझ्याशी एक शब्द नाही. तिथे नाही, घरी नाही.

मी केबिनमध्ये घुसले. “साहेब, तुम्ही रजा म्हणाला होता!”

“मशीन आलं. माझ्या हातात काय आहे? तूच लिहिलंयस ना, अनअव्हॉइडेबल. शब्द चांगला आहे.”

“पण मावशीची सही...”

“काय तिच्या सहीचं?” साहेब थांबून माझ्याकडे बघायला लागले. तसंच हसले.

“काही नाही,” मी म्हटलं.

गुरुवार, २७

पट्टीकाकांकडे गेले. मधलं टाइप करायला त्यांना सांगितलं होतं, ते नाही म्हणाले, म्हणून ते आजारी. मी काय केलं ते मी सांगितलं. ओरडले नाहीत. ओरडायला हवं होतं.

“तेरा सह्या खऱ्या आहेत,” म्हणाले. “त्यांचं ऐकून कोण घेणार? पण चौदावी खोटी आहे. एक कागद खोटा ठरला की कामगार ऑफिसला सगळे तपासावे लागतील, मधलं कधी टाइप झालं तेही निघेल. सोमवारी त्यांचा माणूस येतोय, मीच अर्ज दिलाय. तुझ्या मावशीने फक्त म्हणायचं, ही सही माझी नाही.”

“मग विचारतील, कुणाची?”

“विचारणारच.”

“मग?”

“मग तू सांगायचं.”

“आणि माझं काय होईल?”

“काहीच होणार नाही असं मी म्हणणार नाही,” काका म्हणाले. चहा निवला होता, तरी मी सगळा प्यायले, कारण काहीतरी करत राहायचं होतं.

सोमवार, ३१

सकाळी मावशी वेणी घालत होती तेव्हा बोलले. “आज तू नाही म्हण. माझी नाही म्हण.”

“आणि मग?”

“मग मी सांगेन.”

आरशातूनच तिने विचारलं, “सांगशील?”

“हो.”

“बघू,” म्हणाली. सहा दिवसांतलं पहिलं बोलणं.

कामगार ऑफिसचा माणूस साहेबांच्या केबिनमध्ये बसला. चौदाही जणी भिंतीशी ओळीने, पट्टीकाका दाराशी, मी कपाटाशी फायली घेऊन. तेराजणी सांगत होत्या की आम्ही रजा मागितली होती, तो मान हलवत होता आणि म्हणत होता, सही तुमचीच ना? सही तुमचीच ना?

मग मावशी. “ही सही तुमची?”

मावशीने कागदाकडे बघितलंच नाही. माझ्याकडे बघितलं. बराच वेळ. का ते कळलं नाही. तिच्याकडे पेन नव्हता, कदाचित पेन हवा असेल. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होते. एकतीस तारखेच्या चौकोनात काहीच लिहिलेलं नव्हतं. मी बोलणारच होते, पण आधी तिने नाही म्हणायचं असं ठरलं होतं. तिने नाही म्हटलं असतं तर मी सांगितलं असतं. नक्की सांगितलं असतं.

“माझीच आहे,” मावशी म्हणाली.

पट्टीकाका दारातून निघून गेले. लांबूताई बाहेर पडताना मावशीसमोर थांबली. “भाचीला खुर्ची मिळाली, आणि किंमत आम्ही दिली. छान केलंस हो.” मावशी मान खाली घालून उभी. नोटीस वाचल्यावर लोक घालतात तशी.

गुरुवार, ३

मशीन सुरू झालं. फार आवाज नाही. चादरी एका बाजूने जातात, दुसऱ्या बाजूने घड्या येतात. ‘कोपरा सुटला’ म्हणून कुणी ओरडत नाही.

आज मी राजीनामा लिहायला घेतला. पाच कागद फाडले. ते वाक्य लिहिलं की काकांचा प्रश्न समोर येतो, आणि उत्तर येतं, हो. हो, आलं असतं. प्रत्येक वेळी आलं असतं. ते वाक्य गाळलं की काय लिहायचं कळत नाही.

शिवाय घरात आता कामाला जाणारी मी एकटीच. दोघींनी घरी बसून कसं चालेल?

रविवार, ६

मावशी एका वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात भांडी घासायच्या कामाला अर्ज देतेय. छापील फॉर्म घेऊन आली, इंग्रजी. माझ्यापुढे ठेवला.

“भर.”

नाव, वय, काय काय येतं. मग प्रश्न होता, आधीची नोकरी का सोडली? पुढे रुंद जागा. मी पेन धरून बसले.

“तुझं ते मोठं वाक्य लिही की,” मावशी म्हणाली. “साहेबलोकांना आवडतं ते.”

मी काकांचा प्रश्न विचारून बघितला. तिला हे टाळता आलं असतं का? बराच वेळ विचार केला. मग लिहिलं. मी शेकड्याने लिहिलंय ते, पण इतकं बरोबर जागी कधीच बसलं नव्हतं. पुढे थोडी जागा उरत होती, तिच्यावर पट्टीने टोकापर्यंत रेघ मारली. कुणाला काही भरता येऊ नये म्हणून. पट्टी काकांचीच, मी घरी आणली आहे. द्यायला जायचं होतं, जमलं नाही.

खाली सहीची जागा. पेन तिच्यापुढे धरला. ती मनगटाला फडकं बांधत होती, एक टोक दातात होतं. ते सोडून म्हणाली, “तूच कर. माझ्यापेक्षा तुझीच जास्त माझ्यासारखी येते.”

रागाने नाही म्हणाली. मीठ दे म्हणावं तशी म्हणाली.

मी केली. शेपटी जरा हलली. तिने फॉर्म उजेडात धरून बघितला आणि म्हणाली, चालेल.